उजवा रकाना कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत शाळेच्या नावाने बोटं मोडणारा जो लेख आलाय, तो दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा तो राग रास्त आहे ना हे तपासायला वाचला. रास्त होता.

लेखकमहाशय म्हणतात, शाळेतली भूमिती पुढे कधी कामाला आली नाही, कारण ती जीवनकौशल्य नव्हे. मग जीवनकौशल्य कशाला म्हणायचं? तर जे जीवनात कामाला येतं त्याला. वा! आमच्या गणिताच्या सरांनी या उत्तराला भोपळा दिला असता. मला दिला होता, म्हणून सांगतो.

नववीची चाचणी. समद्विभुज त्रिकोणाचे पायाचे कोन समान असतात, हे सिद्ध करायचं होतं. वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे विधान, उजवीकडे कारण, ही सरांची शिस्त. त्रिकोण अबक, पक्ष (म्हणजे दिलेली माहिती) अब = अक. मी बकचा मध्य ड घेतला, अड जोडली आणि दोन्ही त्रिकोण 'बाकोबा'ने, म्हणजे बाजू-कोन-बाजू कसोटीने, एकरूप करून मोकळा झालो. अब = अक, कोन ब = कोन क, बड = कड. अक्षरही त्या दिवशी बरं आलं होतं. फक्त कोन ब = कोन क याच्यासमोर उजव्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'समद्विभुज त्रिकोणाचे पायाचे कोन'.

सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढून शेरा मारला, 'साध्य पक्षात घुसवलंस. ०.' म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चाललास. मी तावातावाने भांडायला गेलो, उत्तर तर बरोबर आलंय ना! सर शांतपणे म्हणाले, "उत्तर प्रश्नातच छापलं होतं. तू काय केलंस?"

अड ही सामाईक बाजू धरली असती तर 'बाबाबा'ने (तिन्ही बाजू समान) तीन ओळींत सुटलं असतं, हे मला घरी जाताना सुचलं. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तिसराच रस्ता दाखवला. ड नाही, अड नाही, रचनाच नाही. त्रिकोण अबक हा त्याच्याच उलट्या रूपाशी, अकबशी, ताडून बघायचा. अब = अक, अक = अब, मधला कोन तोच. झालं! पॅपस नावाच्या गणितज्ञाची ही युक्ती सतराशे वर्षं जुनी आहे. भूमितीचा ग्रंथ लिहिणाऱ्या खुद्द ग्रीक युक्लिडने बाजू खाली वाढवून बरंच लांबण लावलं होतं. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातलं ते पाचवं विधान युरोपात 'गाढवांचा पूल' म्हणून ओळखलं जाई, कारण कच्ची मुलं तिथेच अडायची. (हे लेखकमहाशयांना उद्देशून नाही. फारसं नाही.)

आणखी एक. सर फळ्यावर आकृती मुद्दाम वेडीवाकडी काढत. लाकडी कंपास टेबलावर पडलेला असायचा, तरी हातानेच. एकदा पुढच्या बाकावरचा मुलगा पट्टी घेऊन फळ्यापाशी गेला आणि म्हणाला, "सर, या बाजू सारख्या नाहीत." सरांनी दोन्ही बाजूंवरच्या खुणेच्या रेघांवर खडू आपटला. "हे सांगतंय ना सारख्या आहेत? आकृती कच्ची आहे. डोळ्याला काय दिसतं ते मला सांगू नका, कशावरून ते सांगा." आम्ही त्यांना मागे 'कशावरून सर' म्हणायचो. तेव्हा हसायला बरं वाटायचं.

पुढे बत्तीस वर्षं मी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासली. माल भिजला कारण छप्पर गळत होतं. छप्पर गळत होतं हे कशावरून, तर माल भिजलाय. असे किती अर्ज पाहिले! पायथागोरस मला त्या टेबलावर कधी भेटला नाही, हे कबूल. पण ती लाल रेघ रोज भेटायची. अब्राहम लिंकनला तर शाळा जेमतेम वर्षभराची मिळाली. अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्यत्व आटोपल्यावर, म्हणजे चाळिशीत, युक्लिडची सहा पुस्तकं आपण जवळपास आत्मसात केली, असं त्याने १८६० साली स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. ज्याला शाळा मिळाली नाही त्याला ती भूमिती मुद्दाम बसून शिकावीशी वाटली. आपल्या लेखकमहाशयांना दहा वर्षं आयती मिळाली, तर ती वाया गेली म्हणे.

शाळेतलं सगळंच थोर होतं असं माझं म्हणणं नाही. सनावळ्यांची बाजू मी घेणार नाही, त्यात मी कायम काठावर पास. आणि चित्रकलेच्या तासाबद्दल न बोललेलंच बरं.

जाता जाता, त्याच लेखाशेजारी जो आलेख छापलाय, त्याच्या उभ्या अक्षावर आकडेच नाहीत. शून्य कुठे आहे, आरंभ कुठून केला, काही पत्ता नाही. रेघ मात्र झोकात वर चाललीय. आम्ही वरच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहिलं नाही तर एक गुण जायचा. आपल्याकडे कोणाचा काही जातो की नाही?

मागच्या खेपेला माझं पत्र आपण छापलंत, आभारी आहे. पण जागेअभावी म्हणून त्यातली सगळी कारणं गाळलीत आणि विधानं तेवढी ठेवलीत. डावा रकाना आला, उजवा गेला. ओळखीचे लोक आठवडाभर विचारत होते, "हे कशावरून म्हणता?" या वेळी कात्री लावायचीच असेल, तर माझा राग कापा, चित्रकला कापा. बाकोबाला हात लावू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार