माशाचं डोकं आईकडे

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की जांबोटीची रेंज मध्येच जाते, आणि बाबा, तुम्ही "आईकडे देतो" म्हणून मोकळे होता. पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता, एकदा मनात आणि एकदा आईला ऐकवायला. त्यासाठीच कागद घेऊन बसलेय.

जानेवारीत तुम्हाला 75 वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने आपण सगळ्यांनी बाहेर जेवायला जायचं, असं माझ्या मनात आहे. पण गेल्या वर्षीच्या त्या जेवणापासून मी "या" म्हटलं की तुमच्याकडे कारण तयार असतं. कधी गुडघा, कधी गाय, कधी अचानक आलेले पाहुणे. आधी त्या रात्रीचं बोलून घेते, मग पुढचं.

त्या रात्री मी तुम्हाला काही न विचारता नेलं होतं. समुद्राचे मासे आणि चिनी जेवण, नवीन हॉटेल, छान असेल, एवढाच विचार केला. बाहेर पाटी कन्नडात, आत मेन्यूकार्ड इंग्रजीत, वेटर हिंदी बोलणारा. बाबा, जन्मभर मराठी शाळेत पोरांना अक्षरं गिरवायला लावलेले तुम्ही. कार्ड उघडलंत, चष्मा पुसलात, परत उघडलंत आणि मिटून माझ्यापुढे सरकवलंत. "तूच सांग काय ते." मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी वेटरशी बोलण्यात गुंतले होते.

मी स्क्विड, म्हणजे आपल्या माणक्या, मागवल्या. माणकी एक तर मिनिटा-दोन मिनिटांत उतरवावी लागते, नाही तर तासभर शिजवावी लागते. मधल्या वेळेला तिचं रबर होतं. आईने ते एका घासात ओळखलं असणार. बाबा, तुम्ही तो तुकडा कवळीने इकडून तिकडे घोळवत राहिलात आणि शेवटी हळूच रुमालात काढलात. मी ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर "परत न्या, नीट करून आणा" म्हणायचं धाडस मला झालं नाही.

आई, तू आमचं सगळ्यांचं होईपर्यंत हातच पुढे केला नाहीस. समोर लालभडक कोळंबी होती, आणि तू पांढऱ्या भातावर सूप घालून जेवलीस. मग बिल आलं. कार्डावर माशासमोर भावच छापला नव्हता, "साईझप्रमाणे" एवढंच होतं, आणि मी वजन विचारलं नव्हतं. आकडा बघून बाबा घरी येईपर्यंत गप्प. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुम्ही जांबोटीला गेलात.

हे सगळं मनातून काही जात नव्हतं.

आता पुढचं. आमची भिशी तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही पाच जणी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पैसे उचलून झाले की कुठेतरी जेवायला जातो. त्यातल्या कॅम्पातल्या मैत्रिणीचा भाऊ बरीच वर्षं बोटीवर स्वयंपाकघरात होता. सिंगापूर, हाँगकाँग सगळं फिरलेला. दिवाळीनंतर तो आला होता, त्याने आम्हाला काँग्रेस रोडजवळच्या एका गल्लीत नेलं. आठ टेबलं, पंखे, साध्या खुर्च्या. आचारी दार्जिलिंगचा, विशीतला मुलगा. मैत्रिणीच्या भावाने त्या पोराला बाजूला घेऊन सांगितलं, आज तळणी नको, लाल रस्सा नको, दक्षिण चीनमध्ये कँटनकडे वाफवतात तसा अख्खा मासा कर.

त्या पोराने मासा आधी कच्चाच ताटात घालून आमच्यापुढे आणला. चोणक होता, सकाळी चोर्ला घाटातून आलेला. (म्हणजे बाबा, तुमच्या दारावरूनच गेला असणार, पाणी गळणाऱ्या त्या टेम्पोंपैकी एकातून.) वजन सांगितलं, पाऊण किलो. भाव सांगितला. आई, मी तुझ्यासारखाच कल्ला बोटाने उचलून बघितला. आत लालबुंद. बोट दाबलं तर खड्डा लगेच भरून आला. त्या पोराने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मला तू आठवलीस. बाजारात मासेवालीशी "ताजो आसा मां?" म्हणून सुरू करायचीस, आणि उत्तर येईपर्यंत तुझं बोट कल्ल्यात गेलेलं असायचं.

नंतर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभीच राहिले. आई, तुला आवडेल म्हणून नीट सांगते. माशाला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा दिल्या. पोटात आणि खाली आल्याच्या चकत्या. पाणी खळखळायला लागल्यावरच आत ठेवला, आधी नाही. दहा मिनिटं. डोळा पांढरा होऊन बाहेर आला की झाला. ताटलीत वाफेचं पाणी साचतं, ते सगळं ओतून टाकलं, कारण उग्र वास त्यातच उतरतो. मग वर कांद्याच्या पातीचे आणि आल्याचे केसासारखे बारीक धागे घातले आणि त्यावर कडकडीत तेल. चर्र झालं आणि सगळी खोली भरून गेली. आपण आमटीला वरून फोडणी देतो तसंच ते. शेवटी कडेने सोया सॉस. मसाला म्हणून एवढंच! तू वेंगुर्ल्याची, तिरफळं आणि कोकमाशिवाय मासा म्हणजे तुला अळणी वाटेल. पण ताज्या चोणकाची स्वतःची गोडी काय असते, ते मला त्या दिवशी कळलं. बाबा, चावायला काही नाही, लोण्यासारखा सुटतो. आणि मधला काटा अख्खाच्या अख्खा निघतो.

मासा टेबलावर आला तेव्हा मैत्रिणीच्या भावाने ताटली फिरवली आणि डोकं तिच्या म्हाताऱ्या आईकडे केलं. त्याही होत्या सोबत. म्हणाला, चिनी लोकांत असंच असतं. माशाचं डोकं टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे किंवा मानाच्या पाहुण्याकडे. त्याने सुरुवात केल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायच्या काड्या, म्हणजे चॉपस्टिक, माशाला लावायच्या नाहीत. गालाचा मऊ तुकडा असतो तोही मोठ्यांच्या वाटीत घालायचा. त्या मावशींनी पहिला घास घेतला. मग आम्ही.

आई, मला तिथे घास गिळवेना. आपल्या घरी ताटं वाढताना मधल्या तुकड्या बाबांना, दादाला आणि मला. आजी होती तेव्हा तिला. शेवटी तू चुलीपाशी बसायचीस आणि तुझ्या ताटात शेपूट आणि डोकं. मी एकदा विचारलं होतं तर म्हणालीस, "मला डोकंच आवडतं गं." मामा एसटीच्या ड्रायव्हरकडे वेंगुर्ल्याहून सुक्या बांगड्यांची पिशवी द्यायचा, त्यातलेही आधी आमच्या ताटात. तुला डोकं खरंच आवडायचं का, हे मला आज पन्नाशीला टेकल्यावर विचारावंसं वाटतंय. आवडत असेल तर तिथे ते मानाने तुझ्याकडे तोंड करून येईल. आवडत नसेल तर पोटाची तुकडी घे, आणि पहिली घे, गरम असताना.

आणखी एक रीत मैत्रिणीच्या भावाने सांगितली, ती तुझ्या माहेरच्या गाबित मच्छीमारांना ऐकवावी अशी. वरची बाजू खाऊन झाली की मासा उलटा करायचा नाही. मासा उलटला तर होडी उलटते, असं तिकडचे दर्यावर्दी मानतात. काटा वर उचलून काढतात आणि खालचं मांस तसंच खातात. मी दुसऱ्या बाजूला चमचा घालणार होते, त्याने हात धरला. त्यांच्याकडे मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, "यू". म्हणून नवीन वर्षाच्या जेवणात मासा असतोच, आणि थोडा मागे ठेवतात. भांडं खरवडून रिकामं केलं की तू रागवायचीस, त्याची आठवण झाली.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण अजून माझ्या पर्समध्ये आहे. 2024 च्या मार्चमधलं. कर्नाटक सरकारने गोबी मंचूरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली ते. 171 नमुने तपासले आणि 107 मध्ये घातक रंग सापडले. रोडामाइन-बी म्हणजे कापड नि कागद रंगवायचा रंग. तुम्ही खाली लाल शाईने लिहिलं होतं, "नातवाला दाखवणे". दाखवलं. तो आता गाड्यावर जात नाही. मंचूरियन काही सोडलं नाही, पण घरी करते, रंग न घालता. आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, हे चिनी जेवण नव्हेच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसवर चिकन मंचूरियन केलं. फ्लॉवरचं त्यानंतरचं. आमच्या भिशीतल्या कन्नड मैत्रिणीला मात्र तेच लागतं. ती लिंगायत, मांसमच्छी शिवत नाही. ती स्वतः आत जाऊन आचाऱ्याला वेगळी कढई आणि धुतलेला झारा घ्यायला लावते आणि मगच खाते. आम्ही पाच जणी चार भाषांत बोलतो आणि वेटरशी भांडायचं काम तिच्याकडे असतं. वाढदिवसाला तीही येणार आहे. तिला तुम्हाला भेटायचंय, कारण तिचे वडीलही मास्तर होते, धारवाडला.

तुमच्या बीपीचंही बघितलंय. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि दिवसभरात 2000 च्या आत ठेवायचं असतं. तेव्हा सॉस वाटीत वेगळा मागवायचा, चमच्याचं टोक बुडवायचं, बस. सूप नको, त्यातच मीठ जास्त असतं.

आणि केक नको म्हणाला होतात ना? तिकडे वाढदिवसाला लांब नूडल्स खातात. जेवढी लांब तेवढं आयुष्य, म्हणून ती तोडत नाहीत, कापत नाहीत. आचाऱ्याला मी सांगून ठेवलंय. तुम्हाला शेवयांची खीर ओरपायची सवय आहे, जमेल. त्या पोराचंही थोडं सांगते. त्याची आई दार्जिलिंगजवळ चहाच्या मळ्यात कामाला आहे, वर्षातून एकदा भेटते. तो म्हणाला, "आप के पिताजी के लिए मैं खुद बनाऊँगा." मी त्याला सांगितलं, माझी आईही येणार आहे, ती आत येऊन बघेल. तो हसला, म्हणाला, येऊ द्या.

आता बेत असा. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार होऊ देत, मग येणाऱ्या पहिल्या रविवारी. रात्री नाही, दुपारी साडेबाराला, गर्दी व्हायच्या आत. दादा आणि वहिनी पुण्याहून शनिवारीच येताहेत. दादा सकाळी गाडी घेऊन जांबोटीला येईल. गाईचं शेजारी सांगून ठेवा. गोल टेबल घेतलंय, मध्ये फिरतं तबक आहे, कुणी कुणाला वाढायचं नाही. आई, तू उठायचं नाहीस हे आताच सांगते. भाव मी आधीच ठरवलाय आणि पैसे भिशीतून बाजूला काढलेत, तेव्हा बाबा, बिलाकडे बघायचं नाही.

सोबत दोन पानं जोडलीत. त्या हॉटेलचं सगळं मेन्यूकार्ड मी मराठीत लिहून काढलंय. मासा कुठला, वाफवलेला की तळलेला, तिखट किती, काटे आहेत की नाहीत, चावायला मऊ की कसं, आणि भाव. स्क्विडसमोर कंसात माणकी लिहिलंय, सी-बाससमोर चोणक, क्रॅबसमोर आईसाठी कुर्ल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तुमच्या लाल पेनाने सुधारा. सुधारलेली प्रत मी हॉटेलच्या मालकाला देणार आहे, तो म्हणालाय की छापून टेबलावर ठेवीन.

दुसऱ्या पानावर शेवटच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्यात. एक बाबांची, एक आईची. काय खायचंय ते लिहून दादाजवळ द्या. आई, "काहीही चालेल" लिहायचं नाही.

तुमची
धाकटी