युद्धपटांतील खोटेपणा चित्रीकरणानंतर शिरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धपटांतील चकमकी किती खऱ्या, अशी चर्चा निघाली की ती बहुधा खांद्यावरची पदचिन्हे चुकली किंवा बंदूक त्या काळातली नव्हती, अशा तपशिलांवर येऊन थांबते. पायदळात नोकरी केलेला एक प्रेक्षक म्हणून मला या चुका किरकोळ वाटतात. आज अनेक नट महिनोन्महिने सराव करतात, रायफल नीट धरतात, वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवत नाहीत. एवढ्या मेहनतीने कॅमेऱ्यासमोर उभे केलेले खरेपण पुढे संकलनात आणि ध्वनिसंयोजनात पुसले जाते, ही माझी खरी तक्रार आहे.

आवाजाचेच पाहा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तर रायफलची गोळी सुरुवातीला त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावते. चांदमारीच्या मैदानावर लक्ष्यफलकांखालच्या खंदकात बसून मी कित्येकदा अनुभवले आहे, की डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा चाबूक ओढल्यासारखा कडाका आधी कानावर आदळतो आणि तीनशे मीटरांवरच्या बंदुकीचा बार जवळजवळ अर्ध्या सेकंदाने, बोदा होऊन, मागून येतो. या दोन आवाजांतील अंतरावरून शत्रू किती दूर असेल याचा अंदाज बांधायला सैनिकाला शिकवले जाते. पडद्यावर मात्र किलोमीटरभर दूर झालेला स्फोट दिसतो त्याच क्षणी ऐकू येतो. प्रत्यक्षात त्याला सुमारे तीन सेकंद लागतील, आणि झोत दिसल्यापासून आवाज येईपर्यंतची ती निःशब्द तीन सेकंदे कोणत्याही पार्श्वसंगीतापेक्षा अधिक भीतिदायक असतात. दिग्दर्शकांना ती का नको असतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

गोळ्यांच्या हिशोबाचेही तेच. एके-४७ चा मारा मिनिटाला ६०० गोळ्यांचा आणि तिच्या मॅगझिनमध्ये गोळ्या ३०. म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामे. म्हणूनच सैनिक मोजून-मापून गोळ्या झाडतो आणि मॅगझिन बदलताना शेजारच्याला ओरडून सांगतो, कारण तेवढा वेळ त्याला दुसऱ्याने सांभाळायचे असते. ही देवाणघेवाण म्हणजेच तुकडी, आणि संकलनात सर्वांत आधी कात्री लागते ती तिलाच. मग उरतो तो न संपणाऱ्या गोळ्यांचा एकटा नायक.

हातबॉम्बमधून उसळणारा केशरी ज्वाळांचा लोळ हा पेट्रोलचा असतो. खऱ्या हातबॉम्बमधून धूळ, धूर आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकऱ्या निघतात. तसेच गोळी लागलेला माणूस चार पावले मागे उडून पडतो, हेही खरे नाही. एके-४७ ची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटर वेगाने येऊन ७० किलोच्या माणसाच्या अंगात रुतून बसली, तरी त्याला मिळणारा धक्का सेकंदाला जेमतेम ८ सेंटिमीटरचा असतो. तो बहुधा जागच्या जागीच कोसळतो.

मला सर्वाधिक खटकते ते यानंतरचे. मांडीतली मुख्य रक्तवाहिनी तुटली, तर काही मिनिटांतच माणूस जाऊ शकतो. तेवढ्या वेळात जखमेच्या वर पट्टा आवळून रक्त थांबवायचे, त्याला आडोशाला ओढायचे आणि हे चालू असताना बाकीच्यांनी गोळीबार थांबू द्यायचा नाही. एका जखमीपायी दोन-तीन जण गुंतून पडतात आणि चकमकीचा सारा रंग पालटतो. चित्रपटात एक तर माणूस क्षणात मरतो किंवा खांद्याला फडके बांधून पुन्हा धावू लागतो. जखमी होणे म्हणजे काय, हे प्रेक्षकाला कळतच नाही आणि सैनिकाच्या घरच्यांनी पुढे वर्षानुवर्षे जे सोसायचे असते त्याचा मागमूसही उरत नाही.

हे जमू शकते, याचे उदाहरण आहे. अमेरिकेच्या मरीन दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या डेल डाय यांनी १९८६ च्या ‘प्लाटून’साठी आणि पुढे १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’साठी नटांना सैनिकी शिबिरात राबवून घेतले. या दुसऱ्या चित्रपटात किनाऱ्यावरच्या कॅप्टनच्या कानांना दडे बसतात आणि सारे रणांगण आपल्यालाही दबलेले, दूरचे ऐकू येते, तो परिणाम साधला आहे ध्वनीने. सरावात मिळवलेले तिथे पुढच्या टप्प्यात वाया गेले नाही.

म्हणून निर्मात्यांना माझी विनंती आहे, की लष्करी सल्लागाराचे काम चित्रीकरण संपताच संपवू नये. संकलन आणि ध्वनिसंयोजन चालू असताना त्याला संकलकाशेजारी बसवावे, आणि मॅगझिन बदलण्याचा क्षण किंवा स्फोटानंतरची शांतता कापायची झाल्यास आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त सैनिक