पणिक्करांची मध्यरात्रीची तार

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत राजदूतांच्या अहवालांना त्यांची सरकारे कितपत किंमत देत, असे तू गेल्या पत्रात विचारले होतेस. माझ्या मते अहवाल खरा होता की खोटा यापेक्षा तो कोणी धाडला आणि वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून काय होते, यावरच बहुधा सारे ठरत असे. अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोहून पाठवलेली लांबलचक तार वॉशिंग्टनमध्ये हातोहात फिरली, कारण सोव्हिएत धोरणाविषयी तेथे बळावत चाललेल्या संशयाला तिने सुसंगत रूप दिले. सरदार का. मा. पणिक्कर यांच्या वाट्याला मात्र नेमके उलटे आले, म्हणून त्यांच्याविषयीच सविस्तर लिहितो.

पणिक्कर १९५० साली पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, भारताचे राजदूत होते. नव्या कम्युनिस्ट चीनला भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी मान्यता दिली होती. अमेरिकेने दिली नव्हती, त्यामुळे चीनला तिच्या कानावर काही घालायचे तर ते तिसऱ्याकरवीच घालावे लागे. १५ सप्टेंबर १९५० रोजी अमेरिकी फौजा इंचॉनला उतरल्या आणि कोरियातील युद्धाचे पारडे उत्तर कोरियाविरुद्ध फिरले. त्या महिन्याच्या अखेरीस चीनचे हंगामी सेनाप्रमुख जनरल न्ये रोंगझेन यांनी पणिक्करांना सांगितले की, अमेरिकी सैन्य आमच्या सीमेपर्यंत येऊ लागले तर आम्ही हाताची घडी घालून बसणार नाही. पुढे २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पणिक्करांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या घरी बोलावण्यात आले. दक्षिण कोरियाच्या फौजांनी दोन्ही कोरियांना विभागणारा ३८वा अक्षांश ओलांडला तर त्याचे काही नाही, परंतु अमेरिकी सैन्याने तो ओलांडला तर चीन युद्धात उतरेल, असे चौ यांनी स्पष्ट सांगितले. हा भेद तू नीट लक्षात घे. नुसता धाक दाखवणारा माणूस इतकी काटेकोर मर्यादा आखून देत नाही, असे मला हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटते. पणिक्करांनी त्याच रात्री दिल्लीला तार केली, आणि दिल्लीने तो निरोप लंडन व वॉशिंग्टनला पोहोचवला.

वॉशिंग्टनने तो मानला नाही. पणिक्कर कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत, असे तेथे आधीच ठरून गेले होते. शिवाय संयुक्त राष्ट्रांत कोरियाच्या ठरावावर चर्चा चालू असल्याने हा मतदानावर दबाव आणण्याचा डाव असावा, असाही तर्क झाला. ७ ऑक्टोबरला ठराव संमत झाला, भारत तटस्थ राहिला, आणि त्याच सुमारास अमेरिकी सैन्य अक्षांशापलीकडे गेले. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर कोरियातील सेनापती मॅकआर्थर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना चीन मध्ये पडण्याचा संभव फार थोडा असल्याचे सांगितले. त्यानंतर चारच दिवसांनी चिनी सैन्य चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडू लागले, आणि १९५१च्या जानेवारीत दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल पुन्हा पडली.

एवढ्यावरून पणिक्करांचा शब्द प्रमाण मानावा, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच ऑक्टोबरात चिनी फौजा तिबेटात शिरल्या, आणि तिबेटचा प्रश्न शांततेने सोडवण्याची चीनची इच्छा आहे यावर आपल्या राजदूताने विश्वास ठेवला, अशी कडक तक्रार सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात केली. ती मला रास्त वाटते. कोरियाबाबत पणिक्करांनी चौ यांचे बोलणे जसेच्या तसे पुढे धाडले होते. तिबेटच्या वेळी पेकिंगच्या हेतूंविषयीचा त्यांचा स्वतःचा सद्भाव अहवालांत उतरला. एकाच माणसाची ही दोन कामे, आणि तीही एकाच महिन्यातली, दिल्ली आणि वॉशिंग्टन या दोघांनीही वेगवेगळी तोलायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

पटेलांचे ते पत्र तू अजून वाचले नसशील तर सावकाश वाच, आणि पणिक्करांविषयी तुझे काय मत बनते ते मला मोकळेपणाने कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
स्नेहांकित मित्र