रांग ज्यूरीने लावलेली नाही: न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांना खुले पत्र

मा. डेव्हिड लॅमी,
लॉर्ड चॅन्सलर व न्यायमंत्री, लंडन.

स. न. वि. वि.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच मी साताऱ्यात लहानाची मोठी झाले. ती पायरी पहिल्यांदा चढले ती इंग्लंडात, आणि तीही ज्यूरीत, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, बसायला. पासपोर्ट माझा अजून भारताचाच आहे. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे मतदार होऊ शकतो, आणि यादीत नाव असलं, पाच वर्षं वास्तव्य झालं की ज्यूरीचं बोलावणं येऊ शकतं. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, पण तू केलंस काय?"

2 डिसेंबर 2025 ला आपण संसदेत मांडलेली योजना मी वाचली. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होण्याची शक्यता आहे, तो खटला यापुढे एकटा न्यायाधीश चालवणार. मॅजिस्ट्रेटचे (इथे ते बहुतेक बिनपगारी सामान्य नागरिक असतात) अधिकार वाढणार, आणि 'मला ज्यूरी हवी' म्हणण्याचा आरोपीचा हक्क जाणार. खून, बलात्कार अशा गुन्ह्यांना ज्यूरी राहील. कारण आपण दिलंत ते खरंच आहे: क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या वरच्या कोर्टात, तेव्हा सुमारे 78 हजार खटले पडून होते. अत्याचार झालेल्या बाईला वर्षानुवर्षं पुढची तारीख मिळते आणि शेवटी ती कंटाळून माघार घेते. याला कोण नाही म्हणेल?

पण ही रांग लावली कुणी?

माझे पहिले दोन दिवस एका खोलीत खुर्चीवर गेले. आरोपीला तुरुंगातून आणणारी गाडी उशिरा आली. ती आली तर दुभाषा नव्हता. तिसऱ्या दिवशी जिन्याकडे जाताना एक आख्खा कोर्टरूम दिवे बंद करून कुलूप लावलेला दिसला. त्या कोर्टाचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिथल्या कारकुनांचा नव्हता. बिचारे दर तासाला येऊन माफी मागत होते. एवढं मात्र सांगते, त्या सगळ्या गोंधळात वेळेवर हजर असलेली मंडळी कोण, तर आम्ही ज्यूरीवाले.

2019 च्या अखेरीस, कोविडच्या आधी, हीच खटल्यांची थकबाकी सुमारे 38 हजार होती. ज्यूरी तेव्हाही होती. मग ती दुप्पट झाली कशाने? आधीच्या दशकात इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून जास्त मॅजिस्ट्रेट कोर्टं बंद झाली होती. न्यायाधीशांनी वर्षाला किती दिवस बसायचं यावर खर्चाची मर्यादा होती. त्यात कोविड आला. हे बहुतेक आपला पक्ष सत्तेवर येण्याआधीच्या सरकारांचं पाप, कबूल. पण आमच्याकडे म्हणतात तसं, आजार म्हशीला आणि औषध पखालीला! (पत्र मराठीत आहे. आपल्या कार्यालयाला दुभाषा मिळेल, कोर्टापेक्षा लवकर मिळेल अशी आशा.)

आणि हे औषध आम्ही घेऊन पाहिलेलं आहे. 1959 मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खून खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. ज्यूरी नको असा सूर विधी आयोगाने त्याच्या आधीच लावला होता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आज भारतात पडून असलेले खटले पाच कोटींच्या वर आहेत, आणि त्यातल्या एकाही फौजदारी खटल्यात बारा माणसांची वाट पाहावी लागत नाही.

मराठी माणसाने ज्यूरीची वकिली करावी, हे कुणाला विचित्र वाटेल. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना दोषी ठरवलं ते ज्यूरीनेच. सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. 'केसरी'तल्या मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून झाला. पण न्यायाधीश एकटे असते तर टिळक सुटले असते का? न्यायमूर्ती दावर यांनीच 1897 मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडली होती. त्याच दावरांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि मंडालेला धाडलं. त्या खोलीत 'दोषी नाही' म्हणणारे जे दोघे होते, ते ज्यूरीच्या बाकावरच होते. ती ज्यूरी वाईट होती, कारण ती निवडून-वेचून, बहुतांश राज्यकर्त्यांच्याच जमातीतून बसवलेली होती. माझ्यासोबत बसलेल्यांत बसचालक होता, एक निवृत्त शिक्षिका, कॉलेजात शिकणारा पंजाबी मुलगा. संगणकाने चिठ्ठी काढली आणि आम्ही आलो.

हा फरक माझ्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. आपले आईवडील गयानाहून आले. 2017 च्या आपल्याच अहवालात आपण तपासलंत की वर्ण बघून वेगळी वागणूक कुठे मिळते. तुरुंगात, शिक्षेत, बऱ्याच ठिकाणी ती सापडली. ज्यूरीच्या निकालात सापडली नाही. 2020 मध्ये ज्यूरीविना फौजदारी खटले ही वाईट कल्पना आहे, असं आपणच जाहीरपणे म्हणाला होतात. मत बदलायला हरकत नाही. पण मग तो अहवाल कुठे चुकला, हे संसदेत सांगा. आपल्याच पक्षाचे खासदार तेच विचारताहेत.

फौजदारी कोर्टांचा आढावा घेणारे निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लेव्हसन यांनी निदान न्यायाधीशासोबत दोन मॅजिस्ट्रेट बसवा असं सुचवलं होतं. आपण तेही दोघे काढलेत. का, ते मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही.

माझी मागणी साधी आहे. आधी कुलपं काढा. वर्षभर सगळे कोर्टरूम पूर्ण दिवस चालवा, कैद्यांच्या गाड्यांच्या ठेकेदारांना उशिराचा दंड लावा, दुभाष्यांना जगता येईल इतके पैसे द्या. मग आकडा बघू. तरीही कायदा करायचाच असेल, तर त्याला मुदत घाला, म्हणजे थकबाकी उतरली की ज्यूरी आपोआप परत येईल.

कळावे,
आपली नम्र,
लेस्टरची एक मतदार

ता. क. आम्ही बाराजणांनी त्या बंद खोलीत काय चर्चा केली, हे सांगणं इथे गुन्हा आहे, म्हणून आईलाही सांगितलेलं नाही. ती अजून रागावलेली आहे.