जनरलसाहेब, पण बेताने

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी हळूच विचारलं, "मे महिन्यात आलो की जनरलसाहेबांची, म्हणजे त्या चायनीज चिकनची, भेट होईल ना?" आणि मागून लगेच आईचा आवाज आला, "आधी त्याला तुमची बीपीची गोळी एकाची दोन झाली ते सांगा!" पुढची पाच मिनिटं तुम्ही दोघं एकमेकांशीच बोलत होतात, मी नुसता कानाला फोन लावून बसलो होतो. तुमच्या भांडणात निवाडा करायची माझी हिंमत नाही. पण गेले दोन महिने मी इथे गुपचूप एक उद्योग चालवलाय, तेच चिकन कमी मीठ, कमी तेल, कमी साखरेत घरी करायचा, तो आता सांगायला हरकत नाही. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी निम्मंच ऐकलं असतं आणि त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं असतं, म्हणून पत्र.

मागच्या वेळी इथे अमेरिकेत माझ्याकडे सहा महिने होतात, तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी बाबा कानटोपी चढवून कोपऱ्यावरच्या चायनीज टेकआउटमध्ये स्वतः जायचे. काउंटरवरच्या काकूंचं इंग्रजी जेमतेम, बाबांचं इंग्रजी कचेरीतल्या अर्जाचं, तरी दोघांचं उत्तम जमायचं. परत येताना हातात तो पांढरा कागदी खोका, वर तारेची कडी, आत जनरल त्सो चिकन, म्हणजे गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेले तळलेल्या चिकनचे तुकडे. पहिल्याच शुक्रवारी आईने तो खोका धुऊन बाल्कनीत वाळत घातला होता, आठवतंय? "एवढा चांगला डबा टाकायचा?" आई, त्या डब्याचं मूळ चायनीज जेवणात नाहीच मुळी. कालवं न्यायच्या बादलीवरून तो बेतलाय. 1894 मध्ये शिकागोच्या एका माणसाने त्याचं पेटंट घेतलं. एकाच कागदाच्या घड्या, तळाला जोड नाही, त्यामुळे रस गळत नाही. तू उलगडून बघितला होतास तेव्हा हेच म्हणाली होतीस, "शिवण कुठे दिसत नाही."

आता कटू भाग. अमेरिकेत सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट नावाची ग्राहकांची एक संस्था आहे. तिने 2007 मध्ये चायनीज रेस्टॉरंटमधले पदार्थ तपासून घेतले होते. जनरल त्सोच्या एका ऑर्डरमध्ये 1,300 च्या आसपास कॅलरी आणि 3,200 मिलिग्रॅम सोडियम निघालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2,000 च्या आत राहा म्हणते, म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, सपाट एक चहाचा चमचा. दर दुकानाचा आकडा वेगळा असणार आणि बाबा काही अख्खी ऑर्डर एकटे खात नव्हते. (निम्मी खात होते. उरलेली शनिवारी सकाळी, फ्रीजसमोर उभं राहून. मला माहीत आहे.) तरी दोन गोळ्या चालू असताना हे परवडणारं नाही, आणि साखरही काठावर आलीय म्हणता.

पण बाबा, मला या उद्योगाला लावलं ते या आकड्यांनी नाही, तुमच्या एका वाक्याने. पहिला घास घेऊन तुम्ही म्हणाला होतात, "मस्त आहे रे, पण गोड कशाला एवढं?" ते डोक्यात राहिलं होतं. मग या पदार्थाचा इतिहास वाचायला घेतला तर तुमचंच बरोबर निघालं.

ज्यांच्या नावाने हे चिकन विकतात ते जनरल त्सो म्हणजे झुओ झोंगतांग, 1812 ते 1885, चीनच्या चिंग राजवटीतले हुनान प्रांताचे मोठे सेनापती. त्यांनी हे चिकन कधी चाखलंही नाही. पदार्थ काढला पेंग चांग-क्वेई या हुनानी आचाऱ्याने, आणि तोही चीनमध्ये नव्हे तर तैवानमध्ये, 1950 च्या दशकात. 1949 मध्ये चीनचं राष्ट्रवादी सरकार कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलं, त्यांच्याबरोबर हेही गेले. सरकारी मेजवान्यांचा स्वयंपाक यांच्याकडे असायचा. मूळ चिकन आंबट, तिखट, खारट, उग्र. त्यात साखर नव्हतीच. 1973 मध्ये पेंग न्यूयॉर्कला आले, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीजवळ रेस्टॉरंट काढलं, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर तिथले नेहमीचे गिऱ्हाईक. इथल्या जिभेला रुचावं म्हणून पदार्थ गोड होत गेला, बाहेरचं कवच जाड होत गेलं. मजा पुढे आहे. 1990 च्या दशकात पेंग हुनानला परतले, तिथे रेस्टॉरंट काढून हेच चिकन ठेवलं, पण ते चाललं नाही. लोकांना ते फार गोड लागलं म्हणे! 2016 मध्ये, 98 व्या वर्षी ते गेले.

म्हणजे बाबा, तुमची तक्रार हुनानच्या लोकांचीच होती. आणि माझं काम सोपं झालं, कारण जी साखर काढायची ती तुम्हाला नकोच होती.

सोपं झालं असं मला वाटलं, एवढंच. पहिल्या रविवारी मी "तळणच नको" म्हणून कॉर्नस्टार्च लावलेले तुकडे ओव्हनमध्ये भाजले. (आई, आपण घरी ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इथे कॉर्नस्टार्च. इथे कॉर्नफ्लोअर मागितलं तर मक्याचं पिवळं पीठ हातात पडतं. तेही एकदा करून झालंय.) बाहेर काढले तर तुकड्यांवर खडूच्या भुकटीसारखे पांढरे डाग. पीठ कोरडंच राहिलं होतं, त्याला तेल मिळालंच नव्हतं. मुलीने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "हे आजोबांना शिक्षा म्हणून आहे का?"

दुसऱ्या रविवारी मिरच्या करपल्या. धुराचा अलार्म वाजला, ठसक्याने शेजारचे दार उघडून बाहेर आले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या वेळी जमलं, आणि ते आईमुळे. तू कापं करतेस ना, पसरट तव्यावर दोन चमचे तेल सोडून, एकमेकांना न टेकता, आणि मधेच हलवू देत नाहीस. तसंच केलं. बिनहाडाची, कातडी काढलेली चिकनची मांडी अर्धा किलो घेतली, इंचभराचे तुकडे केले. हलकं करायचं म्हणून सगळे छातीचं मांस घ्यायला सांगतात. मला ते पटत नाही. थोड्या तेलात ते पटकन कोरडं पडतं आणि मग माणूस ते गिळायला जास्त सॉस मागतो. मांडीत चरबी थोडी जास्त, पण तुकडा रसदार राहतो.

तुकड्यांना एका अंड्याचा पांढरा भाग, एक छोटा चमचा सोया सॉस आणि एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च लावून अर्धा तास ठेवायचं. तव्यावर टाकायच्या अगदी आधी वरून तीन मोठे चमचे कोरडं कॉर्नस्टार्च भुरभुरवायचं आणि जास्तीचं झटकून टाकायचं. दुकानात हे तुकडे भरपूर तेलात तळतात, बऱ्याचदा दोनदा, आणि जाड कवच तेल पिऊन बसतं. इथे सगळ्या तुकड्यांना मिळून दोन मोठे चमचे तेल, दोन घाण्यांत. एक बाजू सोनेरी होईपर्यंत तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही, मग उलटायचे. सगळ्यांत जाड तुकडा आत 74 अंश सेल्सिअस झाला की चिकन शिजलं. मी त्यासाठी थर्मामीटर घेतलाय. आई हसेल, पण तिला तेलाच्या आवाजावरून कळतं, मला नाही कळत.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवायचा, कारण नंतर वेळ मिळत नाही. कमी सोडियमचा सोया सॉस दोन मोठे चमचे, राइस व्हिनेगर दोन, टोमॅटो पेस्ट एक, बिनमिठाचा चिकन स्टॉक पाऊण वाटी, साखर फक्त एक छोटा चमचा, कॉर्नस्टार्च एक छोटा. तव्यात उरलेल्या तेलात आठ सुक्या मिरच्या, बिया झटकून, मंद आचेवर. रंग गडद होऊन वास सुटला की लगेच भरपूर आलं-लसूण. लगेच म्हणजे लगेच, शेजाऱ्यांना विचारा. मग सॉस ओतून ढवळायचा. स्टार्च उकळीला आला की मिनिटभरात चकाकी येते आणि तो चमच्याला धरून बसतो. तेव्हाच चिकन टाकायचं, दोनदा परतायचं, गॅस बंद. वरून तिळाच्या तेलाचा छोटा चमचा आणि कांद्याची पात. चिकन सॉसमध्ये शिजत ठेवलं तर कवच लिबलिबीत होतं. आणि आधी करून ठेवायचं नाही, पानं मांडल्यावरच. बाबांना हाक मारली की ते आणखी दहा मिनिटं पेपर वाचतात, ते या पदार्थाला चालणार नाही.

मी बाटल्यांवरचे आकडे घेऊन बेरीज केली. चौघांत वाटलं तर माणशी सोडियम साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास. यातलं बरंचसं त्या सोया सॉसमधूनच येतं. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 च्या आसपास असतं, कमी सोडियमवाल्यात पावणेसहाशे. कमी म्हणजे काही थोडं नाही, बाबा. बाटलीवर हिरवं झाकण दिसलं म्हणून सढळ हाताने ओतलं की हिशेब पुन्हा जागच्या जागी. आणि काही बाटल्यांत मीठ कमी करताना पोटॅशियम क्लोराइड घालतात. तुमच्या नव्या गोळीबरोबर ते चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारून ठेवा. मी वापरतो त्या बाटलीत ते नाही, लेबल वाचून घेतलंय.

बाबांचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: अजिनोमोटो घातलं का? घातलं. चिमूटभर. तुमच्या ग्रुपवर येणारे निरोप मला पाठवू नका. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून अजिनोमोटोची ती चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली. टोमॅटोमध्येही ते असतंच. आणि मिठात सोडियम 39 टक्के, अजिनोमोटोत साधारण 12, त्यामुळे चिमूटभर घातल्यावर सोया सॉसचा तिसरा चमचा घालावासा वाटत नाही. आईला पटलं नाही तर तिच्या समोर घालणार नाही.

आई, तुझ्यासाठी वेगळा तवा आहे, चिकनचं उलथनंसुद्धा त्याला लागणार नाही. मागे तू टोफूला "बिनचवीचं पनीर" म्हणून नाव ठेवलं होतंस. तेव्हा मी तो पाण्यातून काढून तसाच कढईत टाकला होता, त्याला तरी कुठून चव येणार? घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून वर जड पातेलं ठेवून वीस मिनिटं दाबला, मग कॉर्नस्टार्च लावून तसाच भाजला, की बाहेरून खुसखुशीत होतो. तुझ्या सॉसमध्ये चिकनऐवजी भाजीचा बिनमिठाचा स्टॉक. ब्रोकोली दोघांच्याही ताटात, मिनिटभर उकळून, भरपूर, भाताच्या बरोबरीने. दुकानात ती शोभेला दोन तुरे असते.

खोटं बोलत नाही, ही चव त्या खोक्यातल्यासारखी नाही. तो काचेसारखा कुरकुरीतपणा दोन चमचे तेलात येत नाही, आणि बायको म्हणते की तिला ते गोडच आवडायचं. मुलगी पहिल्यांदा "ओके" म्हणाली, तिसऱ्या वेळी पुन्हा वाढून घेतलं. मला आंबटपणा पुढे आलेला आवडतो, पण मी बाबांचाच मुलगा.

एकच अडचण उरलीय, ती आईची. तुझा हात अंदाजाचा, आणि तो कधी चुकला नाही हे मान्य. पण या एका पदार्थात सोया सॉस अंदाजाने पडता कामा नये. म्हणून मोजायच्या चमच्यांचे दोन संच आणलेत, एक तू "कुठे ठेवला कोण जाणे" म्हणशील तेव्हासाठी. आणि बाबा, मिठाची डबी टेबलावरून आत्ताच हलवली आहे. कुठे ठेवलीय ते नातीला माहीत आहे, पण तिला मी आधीच फितवलंय.

डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवा. शुक्रवारी टोपी घालून फिरायला जायचंच आहे, तेव्हा येताना कांद्याची पात घेऊन या. काकू अजून तिथेच आहेत, मागच्या आठवड्यात तुमची चौकशी करत होत्या.

तुमचा,
धाकटा