फ्रीजर मी आवरलाय, आता थोडं ऐका

प्रिय आई-बाबा,

आई, तू रागावली आहेस हे मला फोनवरच कळलं. तू नुसतं "बरं" म्हणालीस की मला समजतं. फ्रीजर तुला न विचारता रिकामा केला हे खरंय, पण विचारलं असतं तर त्यातली एक पिशवी तरी बाहेर गेली असती का सांग? निम्म्या पिशव्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं, त्या एका गोळ्याला बाबा चिकन म्हणत होते आणि तू मासे, आणि दोघंही अगदी ठाम होतात. निळा डबा टाकलेला नाहीये, धुऊन वरच्या फळीवर ठेवलाय, त्याची काळजी करू नकोस.

आता दुसरं, जे समोर बोलायला मला जमेना. यापुढे दर महिन्याला एक शनिवार-रविवार मी घरी येणार, स्वयंपाक करून फ्रीजर भरून जाणार. हे ठरलंय, दादाशीही बोलणं झालंय. डॉक्टरांनी खांद्याला आराम सांगितलाय म्हणजे दोन्ही वेळ ओट्यापाशी उभं राहायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाई ठेवायची नाही म्हणालात, ठीक, आमच्याकडे राहायला यायचं नाही म्हणालात, तेही ठीक, मी परत तो विषय काढणार नाही, पण मग हे एक माझं ऐका. आणि आई, तुझ्या हातचं आम्हाला नकोय असं यात कुठेही नाहीये, खांदा बरा झाला की तूच करायचंस आणि मी आयतं खायचं, पूर्वीसारखं.

मला माहितीये तुला काय वाटतंय, पोरगी आता शिळं खायला घालणार. तसं नाहीये गं. ताजं केलेलं लगेच गार करून उणे १८ डिग्रीला ठेवलं की त्यातले जंतू वाढतच नाहीत, ते नुसते झोपून राहतात. फ्रिजच्या खालच्या भागात चार-पाच दिवस पडलेल्या भाजीपेक्षा ते कितीतरी बरं. फक्त एक आहे, फ्रीजर जंतू मारत नाही. बाहेर काढून ऊब मिळाली की ते परत कामाला लागतात. त्यामुळे जो काही घोळ होतो तो फ्रीजरमध्ये जायच्या आधी नाहीतर बाहेर काढल्यावर, आणि आत्याच्या वेळचं ते आजारपण मला परत बघायचं नाहीये.

म्हणून बाबा, आता तुम्ही. रात्री डबा ओट्यावर काढून ठेवायचा आणि सकाळी बघायचं, हे बंद. आत बर्फ असतो पण बाहेरचा थर कधीच कोमट झालेला असतो, आणि ४ ते ६० डिग्रीच्या मधे जंतूंची चंगळ असते. उद्या जे खायचं ते आज संध्याकाळी खालच्या फ्रिजमध्ये उतरवा, खाली एक ताटली ठेवा, कच्चं मांस असेल तर सगळ्यात खालच्या कप्प्यात. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, गरम पाणी अजिबात नको. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलंत तर मग लगेच गरम करून खा, ते परत ठेवायचं नाही. गरम म्हणजे कोमट नाही हां, मधोमध वाफ यायला हवी, ७५ डिग्री तरी. मायक्रोवेव्ह कडेला तापवतो आणि मधे गार ठेवतो, म्हणून मधेच थांबवून ढवळा. मी दोघांपुरते छोटे डबे केलेत ते याचसाठी, एका वेळी एकच काढा आणि संपवा.

आई, तुझ्या नाकाबद्दल मला काही बोलायचं नाहीये, दूध नासणार हे तुला आदल्या दिवशी कळतं हे मी लहानपणापासून बघतेय. पण जे जंतू खरंच आजारी पाडतात त्यांचा कित्येकदा वासच येत नाही, चवही बदलत नाही. आणि साठीच्या पुढे शरीर पूर्वीसारखं झुंजत नाही, डॉक्टरही हेच म्हणाले होते, तेव्हा तुम्ही दोघांनी मान डोलावली होती, आठवतंय ना? म्हणून वास घ्यायचा नाही, तारीख बघायची. प्रत्येक डब्यावर मी काय आहे आणि कधी केलं ते मोठ्या अक्षरात लिहिलंय, चष्मा नसला तरी दिसेल. शिजवलेलं दोन-तीन महिन्यांत संपवा, त्यानंतर ते विषारी होतं असं नाही, चव जाते. कडेला पांढरट कोरडं दिसलं तर तेही वाईट नसतं, हवा लागून सुकलेलं असतं.

तू स्वतः काही ठेवलंस तर (ठेवशीलच) मोठं पातेलं तसंच आत ढकलू नकोस, उथळ डब्यात पसरव म्हणजे लवकर गार होईल, दोन तासांच्या आत आत गेलं पाहिजे, फार उकाडा असेल तर एका तासात. भाताचं तर विशेष सांगते, तो शिजला तरी त्यातल्या काही जंतूंची बीजं जिवंत राहतात आणि बाहेर राहिला की ती वाढून विष करतात, ते परत गरम करूनही जात नाही. काचेची बाटली नको, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, डबाही काठोकाठ भरू नकोस. बटाटा आणि उकडलेली अंडी मी मुद्दाम ठेवली नाहीत, बटाटा रवाळ होतो आणि अंडं रबरासारखं, बाबा तोंड वाकडं करतील.

बाबा, परीक्षेच्या दिवसांत तुम्ही बर्फाच्या ट्रेमध्ये सरबत गोठवायचात आणि मी सारखी दार उघडून बघायचे, तेव्हा ओरडायचात ना, "दार लाव, गार बाहेर जातं"? आता मी तुम्हाला ओरडणार. लाईट गेली तर दार उघडायचंच नाही, आत काय झालंय ते बघायलासुद्धा. गच्च भरलेला फ्रीजर बंद दारात साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४. आत मी बर्फ झालेल्या पाण्याचा पेला ठेवलाय आणि त्यावर नाणं, ते काढू नका. तुम्ही गावाला वगैरे गेलात आणि आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय असं समजा, आणि मग काहीही न चाखता टाकून द्या. चाखायचं नाही, आई, एक घाससुद्धा नाही.

थर्मामीटर आत डाव्या हाताला आहे, रविवारी आकडा मला फोनवर सांगा. आणि भिंतीवर बर्फ साठला तर सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटते, मी आले की बंद करून वितळवीन.

तुमची
मनी