वरच्या मजल्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, पालिकेने नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर तात्पुरती बंदी घातली म्हणून परवा फोनवर तुम्ही इतके तापला होतात की मला धड बोलताच आलं नाही. म्हणून पत्र. कागदावर तरी तुम्ही मला मधेच तोडणार नाही.

'आपली जागा, आपला पैसा, आणि घरावर मजला चढवायला पालिका नाही म्हणते?' हे तुम्ही चारदा म्हणालात आणि चारही वेळा मला पटलं. त्यात शेजारच्या इमारतीला प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, आधीच मिळालेलं, म्हणून तिचं काम धूमधडाक्यात चालू. आपला नकाशा मात्र सही होऊन कपाटात. पंधरा दिवसांचा फरक! राग येणारच.

पण तुम्ही बोलत होतात तेव्हा मागून आई काहीतरी पुटपुटली. कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण सकाळच्या वेळेला आपोआप उचललं जातं आणि त्यावर कुणीतरी दगड आणून ठेवलाय. आई, खरी बातमी तीच आहे; बंदी आली ती या तुंबणाऱ्या सांडपाण्यापायीच. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. चोवीस फ्लॅटची एक इमारत, घरटी पाच माणसं, म्हणजे रोजचं तेरा हजार लिटर सांडपाणी त्याच जुन्या नळीत. नळी बंगल्यांच्या काळातली. दगड किती दिवस पुरणार?

तुम्ही विचाराल, मग मोठ्या इमारती थांबवा, आमच्या एका मजल्याने काय बिघडतंय? एकट्याने काहीच नाही. पण नवे नियम येणार अशी नुसती कुणकुण लागली की आठवड्यात अर्जांचा ढीग पडतो. नियम होईपर्यंत शहर बांधून मोकळं. म्हणून आधी सगळ्यांना थांबवायचं आणि मग आराखडा करायचा. आपल्यासारख्यांना ते जाचतं हे खरं, पण यात मी पालिकेच्या बाजूने आहे. (हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवला असणार.)

आणि हे काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या, कारण कचऱ्याची धड विल्हेवाट होत नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच कारणाने मुंबईत तसंच झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने सवलत दिली ती २०१८ मध्ये.

तुमची एक भीती मात्र अगदी रास्त आहे. 'तात्पुरती' म्हणजे किती? कॅलिफोर्नियात समुद्रकाठी बोलिनास नावाचं छोटं गाव आहे. पाणी पुरत नाही म्हणून १९७१ मध्ये तिथे नवी नळजोडणी बंद केली. पन्नास वर्षं उलटली, बंदी उठली नाही. त्याच राज्यात नगरपालिकांसाठी कायदा मात्र वेगळं सांगतो. असा तातडीचा मनाई ठराव पाचपैकी चार मतांनी झाला पाहिजे, पहिल्यांदा तो ४५ दिवसच टिकतो आणि कितीही वाढवला तरी दोन वर्षांच्या पुढे जात नाही. अमेरिकेतच कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवराचं पाणी गढूळ होऊ लागलं तेव्हा काठावरची बांधकामं ३२ महिने थांबवली होती. जागामालक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २००२ च्या निकालात ते हरले. बंदी तात्पुरती आहे एवढ्यावरून भरपाई मिळत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण वर्षाच्या वर चालणाऱ्या बंदीकडे संशयाने बघायला हरकत नाही, हेही त्याच निकालात आहे.

तेव्हा बाबा, भांडायचंच तर यावर भांडा. 'बंदी उठवा' नको, 'बंदी कधी आणि काय झाल्यावर उठणार ते ठरावात लिहा' असा अर्ज द्या. नळी कुठून कुठपर्यंत बदलणार, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती वाढवणार, मुदत कोणती. पोच घ्या. तुमचं अक्षर आणि तुमचा चिवटपणा यांच्यापुढे कुठलंही टेबल फार दिवस टिकलेलं नाही.

आणि तो 'मागच्या तारखेने अर्ज दाखल करून देतो' म्हणणारा एजंट पुन्हा आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. 'आता भाव पडणार, आत्ताच देऊन टाका' म्हणणाऱ्यालाही. भाव पडणार याची एवढी खात्री असलेला माणूस घाईने विकत कशाला घेईल?

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. बंदीचं कळलं तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. वरचा मजला माझ्यासाठी होता. दोन वर्षांत परत येते असं मीच म्हणाले होते, आणि तुम्ही खोल्यांची मापं माझ्या टेबलासकट काढलीत. दोन वर्षांत येणं जमणार नाही, बाबा. मला हे आधीच माहीत होतं आणि नकाशावर सही होताना मी गप्प बसले. पालिकेने माझं काम परस्पर केलं, आणि तुम्ही माझ्या वाट्याचं त्यांच्यावर ओरडलात. आईला अंदाज होता, तिच्या 'बरं' म्हणण्यावरून कळलं मला.

मी येणारच नाही असं नाही. पण त्यासाठी पैसे अडकवून ठेवू नका. तोवर खालच्या मजल्याकडे बघा. बाथरूमच्या दाराशी चार बोटं उंचीचा जो उंबरा आहे तो काढून उतार करून घ्या, भिंतीला धरायला दांडी लावा. अशा किरकोळ दुरुस्तीला बंदी नाही. फरशी खरखरीत घ्या, दिसायला कशीही असली तरी. आणि मिस्त्रीसमोर आईला उभं करून उंची ठरवा. दांडी तिच्या उजव्या हाताला हवी, डावा खांदा अजून वर जात नाही तिचा.

तुमची,
धाकटी